आत्याबाईंच्या तेलाचा नमुना

डेपोत सगळे म्हणतात, बाईंच्या नाकावर राग असतो. साफ खोटं आहे. राग माझ्या टेबलावर असतो. ह्या लोकांनी आणून ठेवलेले नमुने बघितले की तो तिथून उठून माझ्या अंगावर येतो, त्याला मी काय करणार?

मी बसडेपोतल्या तेल तपासणीच्या खोलीत काम करते. वर्कशॉपच्या अगदी टोकाला, टायरांच्या गोदामाला चिकटून ही खोली आहे. एक खिडकी, एक यंत्र, एक तापणारी तबकडी आणि बाटल्याच बाटल्या. बसच्या गिअरबॉक्समधलं थोडंसं तेल माझ्याकडे येतं. ते यंत्रात घातलं की कळतं, त्यात लोखंड किती, तांबं किती, धूळ किती, तेलाचा दाटपणा टिकलाय की गेलाय. गिअरबॉक्स न उघडता त्याच्या पोटात काय चाललंय ते सांगायचं, एवढंच माझं काम. पण त्यासाठी नमुना धड काढलेला हवा. गाडी भरपूर चालून आलेली हवी, तेल गरम हवं, नळी धुतलेली हवी, पहिलं थोडं तेल फेकून द्यायला हवं आणि बाटलीचं झाकण अगदी शेवटच्या क्षणी उघडायला हवं. हे सगळं मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलंय. तरी एकाने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून तेल आणलं होतं. वर म्हणतो कसा, "बाई, विसळली होती की!"

आता आमच्या घरचं सांगते, कारण ह्या गोष्टीत घर आणि डेपो यांची पार खिचडी झाली आहे.

हे त्याच डेपोत ड्रायव्हर. आमची ओळख झाली तीच डोंगरावर जाणाऱ्या बसमध्ये. माझं माहेर वरच्या गावात, शिकायला मी खाली. शनिवारी वर, सोमवारी खाली, आणि दर वेळी स्टीअरिंगवर हेच. तेव्हा मला वाटायचं हा माणूस किती गंभीर, एकदाही मान वळवून बघत नाही. लग्न झाल्यावर कळलं, वळणावर मान वळवणाऱ्या ड्रायव्हरची जातच वेगळी, आणि ती ह्यांच्या मते माणसात मोजायची नसते.

पुढे तो रस्ताच बंद झाला. म्हणजे रस्ता आहे, बस बंद झाली. चढण अशी की वर पोचेपर्यंत गिअरबॉक्समधलं तेल तापून काळं व्हायचं आणि उतारावर गाडी आवरता आवरता करपायचं. गिअरबॉक्स एकामागून एक बसायला लागले, तेव्हा वरिष्ठांनी हात टेकले. तेव्हापासून वरच्या गावात राहणाऱ्या माझ्या ताईकडे जायचं म्हणजे आधी जीप, मग टेम्पो, मग जो कोणी देवासारखा भेटेल तो. ताई फोनवर एकच प्रश्न विचारते, "तुझा तो मोटारवाला नवरा अजून मोटार चालवतो ना? मग येत का नाही?"

ह्यांना निवृत्त व्हायला आता काहीच महिने उरले होते. बाकी कशाची हौस नव्हती ह्यांना. एकच मनात होतं, जाण्याआधी त्या रस्त्यावर पुन्हा गाडी घालायची. हे बोलून दाखवायचे नाहीत. पण डोंगराच्या बाजूला ढग दिसले की जेवताना घास हातात धरून बघत बसायचे, आणि मला तेवढ्यात भाजी संपवावी लागायची.

मग आमच्या मॅनेजरबाईंनी डोकं लावलं. त्या मोजकंच बोलतात आणि चष्मा डोळ्यांपेक्षा डोक्यावर जास्त वेळ घालतात. त्यांनी ठरवलं, साध्या तेलाऐवजी सिंथेटिक तेल भरून बघायचं. ते उष्णतेत टिकतं, लवकर करपत नाही, असं कागदोपत्री म्हणतात. कागदावर त्यांचा विश्वास नाही, म्हणून एक जुनी बस निवडली, तिच्यात ते तेल भरलं, वाळूची पोती लादली आणि गावाबाहेरच्या खाणीच्या चढावर तिला रोज वर-खाली करायला लावलं. मधूनमधून नमुना माझ्याकडे. शेवटचा नमुना चांगला निघाला, तर मार्गांच्या वार्षिक बैठकीत वरच्या गावचा मार्ग पुन्हा मांडायचा. नाही निघाला, तर विषय संपला.

त्या बसचं नाव आत्याबाई. कुठेही निघताना कुरकुर करतात, पण सगळ्यांना घेऊन जातात, म्हणून. चालवायला अर्थातच हे. मी मॅडमना म्हटलं, "अहो, नवऱ्याची गाडी बायकोने तपासायची, लोक काय म्हणतील?"

त्या म्हणाल्या, "तुम्हाला ओळखणारं कोणीही काही म्हणणार नाही."

पहिला नमुना सोन्यासारखा आला. दुसऱ्यात तांबं वाढलं.

आता तांब्याचं असं आहे. गिअरबॉक्सच्या आतले भाग झिजायला लागले, तर तांब्याच्या बरोबरीने लोखंड वाढतं, शिसं वाढतं. इथे ती दोन्ही जागच्या जागी होती. एकटं तांबं चढलं होतं. ते बहुधा तेल थंड करणाऱ्या नळ्यांमधून येतं. नवीन तेल त्या नळ्यांना आतून घासूनपुसून घेतं आणि थोड्या दिवसांनी आपोआप शांत होतं. मला हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि शांत होताना बघणं वेगळं. म्हणून मी संध्याकाळी भाकरी थापता थापता सुस्कारा सोडला आणि स्वतःशीच म्हटलं, "तांबं वाढलंय."

एवढंच. हे बाहेर पेपर वाचत होते. पेपरचं पान उलटायचा आवाज थांबला, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

बैठकीच्या आठवड्यात शेवटचा नमुना आला. फिटरमामांनी तो काढला आणि हे स्वतः माझ्या खोलीत घेऊन आले. फिटरमामा म्हणजे डेपोतलं सगळ्यात जुनं माणूस, गिअरबॉक्सशी जसं बोलतात तसं घरच्यांशी बोलत नाहीत. ह्यांनी बाटली टेबलावर ठेवली, म्हणाले, "घे बाई, काय असेल ते बघ," आणि निघून गेले. एरवी हे माझ्या खोलीत आले की खुर्चीला खिळतात.

मी नमुना यंत्रात लावला आणि आकडे बघून खुर्ची पुढे ओढली. तेलात पाणी होतं. वर पोटॅशियम होतं. तेल थंड करणारा भाग फुटला की रेडिएटरमधलं पाणी गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि त्याच्याबरोबर असलंच काहीतरी येतं. फिटरमामा दारातच उभे होते. त्यांनी माझं तोंड बघितलं.

"काय गं?"

"पाणी आहे, मामा."

फिटरमामांचे खांदेच पडले. "म्हणजे खाली उतरवायचा."

गिअरबॉक्स खाली उतरवायचा म्हणजे बैठक हुकली. बैठक हुकली म्हणजे यंदा रस्ता नाही. आणि यंदा नाही म्हणजे ह्यांच्यासाठी कधीच नाही. मला एकदम रडू यायला लागलं, आणि मला रडू आलं की मी चिडते. मी यंत्रावर चिडले. म्हटलं, पुन्हा सगळं दाखव.

आणि मग नीट बघितलं. लोखंड जवळजवळ नाहीच. तांबं नाहीच. गेल्या खेपेला वाढलेलं तांबं गेलं कुठे? कमी होईल, पण मागमूससुद्धा नाही? दाटपणा तर असा, की पिंपाचं बूच आत्ताच उघडलंय. इतके दिवस वाळूची पोती वाहून हे तेल उलट तरुण झालं होतं. मी माझ्या आयुष्यात तरुण होत जाणारं काही पाहिलेलं नाही.

"मामा, बाटली हातात दिलीत तेव्हा गरम होती का?"

"चटका बसत होता. फडक्यात गुंडाळून दिली."

माझ्या टेबलावर आली तेव्हा ती गार होती. हे मला आत्ता आठवलं!

पाण्याची एक साधी परीक्षा असते. तबकडी तापवायची आणि तिच्यावर तेलाचा थेंब टाकायचा. पाणी असेल तर थेंब तडतडतो. मी टाकला. तडतडला. आणि खोलीभर वास सुटला.

फिटरमामांनी नाक वर केलं. मी नाक वर केलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"लवंग," फिटरमामा म्हणाले.

"लवंग," मी म्हटलं.

अख्ख्या डेपोत लवंगेचा बिनदुधाचा चहा फ्लास्कमध्ये घालून आणणारा माणूस एकच आहे. घशाला बरा पडतो म्हणतात. रोज सकाळी तो चहा मीच करून देते. आणि चहाच्या पानात पोटॅशियम भरपूर असतं.

मी डेपोच्या आवारात गेले तेव्हा हे आत्याबाईंची पुढची काच पुसत होते. स्वच्छ काच, पुन्हा पुन्हा. मला येताना बघून आणखी जोरात पुसायला लागले.

"अहो," मी अगदी गोड आवाजात म्हटलं. माझा गोड आवाज ऐकून आमची मांजरसुद्धा पलंगाखाली जाते. "फ्लास्कमध्ये चहा उरलाय का?"

"थोडा असेल. का गं?"

"काही नाही. गिअरबॉक्सला हवाय. सवय लागलीय म्हणे त्याला."

ह्यांनी फडकं खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. मग पायरीवर बसले, आणि शाळेत पकडलेल्या मुलासारखे सगळं भडाभडा बोलून मोकळे झाले. त्या संध्याकाळचा माझा सुस्कारा ह्यांनी ऐकला होता. तांबं वाढलं म्हणजे गिअरबॉक्स संपला, असं ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं. कित्येक रात्री झोप नाही. शेवटी फिटरमामांनी दिलेली बाटली टाकाऊ तेलाच्या डब्यात रिकामी केली आणि पिंपातलं कोरं तेल भरलं. पण कोरं तेल लालचुटुक, आणि वापरलेलं काळपट असतं हे ह्यांना माहीत होतंच.

"मग म्हटलं रंग यायला पाहिजे," हे म्हणाले.

"म्हणून चहा!"

"थेंबभरच घातला गं. आणि खूप हलवलं."

"तेलात चहा?"

"दूध नव्हतं त्यात," हे अगदी मनापासून म्हणाले.

मला खरं म्हणजे त्या क्षणी हसू फुटत होतं. पण मी ते गिळलं, कारण रागवायची एवढी हक्काची संधी रोज येत नाही. मी बोलले. चांगली बोलले. वर्कशॉपमधले पाने वाजायचे थांबले होते, म्हणजे सगळे ऐकत होते. म्हटलं, तांबं एकटं वाढलं होतं, लोखंड नाही, शिसं नाही, काळजीचं कारणच नव्हतं. उगाच नसतं दुखणं ओढवून घेतलंत आणि चांगल्या गाडीला आजारी पाडलंत.

"मग हे मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

"तू सुस्कारा टाकलास!"

"माझी पाठ दुखत होती!"

टाकाऊ तेलाच्या डब्यातून नमुना काही परत येणार नव्हता. नवीन काढायला हवा होता, आणि बैठक तोंडावर. मी जाहीर केलं, आता नमुना मी स्वतः काढणार, माझ्या हाताने, आणि कोणी आत्याबाईंच्या आसपास फिरकायचं नाही. विशेषतः चहा पिणाऱ्यांनी.

घरी मी बोलले नाही. हे मात्र अंगात आल्यासारखे कामाला लागले. पाणी भरलं, भांडी घासली, माझी छत्री दुरुस्त केली, जी मोडलेलीच नव्हती. मग बाहेर जाऊन आले आणि माझ्यासमोर एक ट्यूब ठेवली. हाताला लावायची क्रीम. बाटल्या आणि नळ्या धुवायच्या रसायनाच्या पाण्याने माझे हात नेहमी फुटलेले असतात. मी ते कोणाला सांगत नाही. ह्यांनी बघितलं होतं.

"लाव. बरं वाटेल," हे म्हणाले.

मी तोंड फिरवून बसले. रागवलेल्या माणसाने लगेच ट्यूब उचलली तर रागाची काय किंमत राहिली? पण सकाळी, हे आंघोळीला गेल्यावर, मी ती गुपचूप लावली. चांगली भरपूर चोपडली. मऊ मऊ वाटलं. वासही छान होता. मला वाटलं, माणूस वेंधळा आहे पण आहे आपला. आणि त्याच हातांनी डेपोत गेले.

आत्याबाई खाणीचा चढ चढून-उतरून तापून आल्या. हे स्टीअरिंगवरून उतरले आणि हात वर करून लांब जाऊन उभे राहिले, जणू पोलिसांनी घेरलंय. मी नळी बसवली, पहिलं तेल फेकलं, बाटलीचं तोंड माझ्या बोटांनी धरलं, भरली, झाकण लावलं. पूर्ण वेळ फिटरमामांना व्याख्यान चालू होतं. नमुना असा काढतात, बघून घ्या, शिकून घ्या, आयुष्यात उपयोगी पडेल.

खोलीत येऊन नमुना यंत्रात लावला. पाणी नाही. पोटॅशियम नाही. लोखंड जागच्या जागी. तांबं खाली उतरलेलं, मी म्हटलं होतं तसंच, अगदी तसंच! दाटपणा टिकलेला, करपल्याचं चिन्ह नाही. इतक्या उष्णतेतून येऊन तेल ताठ उभं होतं. मी खुर्चीतच उडी मारली.

आणि शेवटची ओळ बघितली. सिलिकॉन. आभाळाला भिडलेलं.

सिलिकॉन म्हणजे धूळ. धूळ आत शिरतेय म्हणजे कुठलं तरी सील गेलंय. धूळ गिअरबॉक्सला आतून कानस लावावी तशी खाते. ही काही चहाची भानगड नव्हती. नमुना मी काढला होता. नियमाप्रमाणे. भिंतीवर लिहिलेलं एकूण एक पाळून.

हे दारात आले. विचारायला नाही, नुसते आले. माझा चेहरा बघितला आणि मान हलवली. "राहू दे गं," हे म्हणाले. "नाही तर नाही. जीपने जाऊ ताईंकडे." आणि हसले. ते हसणं मला बघवेना. खांदे उडवून, काही झालंच नाही असं दाखवणारं ते हसणं मी आमच्या मुलीच्या पाठवणीच्या दिवशी बघितलं होतं, आणि त्यानंतर आज.

मी मान खाली घालून आकडे परत वाचायला लागले. तेव्हा दिसलं. धूळ कधी एकटी येत नाही. मातीत सिलिकॉन असतं तसं अॅल्युमिनियमही असतं, दोघं जोडीने येतात. इथे अॅल्युमिनियम जराही हललं नव्हतं. शिवाय धूळ आत गेली असती तर लोखंड वाढलं असतं. सिलिकॉन एकटंच कुठून तरी टपकलं होतं. गिअरबॉक्समधून नव्हे, बाहेरून. मी नळी बघितली, ती स्वच्छ. बाटली बघितली, ती कोरी. मग बाटलीच्या गळ्यावर उजेड पडला आणि तिथे बोटांचे ठसे दिसले, चकचकीत, तुकतुकीत.

मी माझे हात बघितले. इतके मऊ हात माझे लग्नातही नव्हते.

पर्समधली ट्यूब काढली आणि मागचं बारीक छापलेलं वाचलं. हात मऊ ठेवायला त्यात काय घातलं होतं? सिलिकॉनचंच तेल.

"काय झालं?" हे घाबरून म्हणाले, कारण मी टेबलावर डोकं ठेवून हसत होते. मला बोलताच येईना. मी नुसती ट्यूब वर धरली. हे ट्यूबकडे बघत, माझ्या हातांकडे बघत, बाटलीकडे बघत उभे राहिले, आणि मग ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तू लावलीस?"

"लावली."

"कधी?"

"तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा."

ह्यांनी भिंतीकडे बोट केलं. माझी स्वतःची मोठी अक्षरं होती. हात स्वच्छ व कोरडे असावेत. हे हसायला लागले, मग फिटरमामा आले, त्यांना सांगितलं, ते जमिनीवर बसून हसायला लागले. माझं व्याख्यान त्यांना शब्द न् शब्द पाठ होतं. ते त्यांनी म्हणूनही दाखवलं. आजतागायत म्हणून दाखवतात.

पण हसून झाल्यावर प्रश्न उरलाच. मॅडमना सांगायचं काय? वाईट नमुने बाजूला सारून नवीन काढता आला असता, कोणाला कळलंही नसतं. पण माझ्या खोलीत एक नियम आहे. जे यंत्रात गेलं ते अहवालात जातं. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"लिही," हे म्हणाले. "चहा माझा, क्रीमही माझीच. सगळं लिही."

मी लिहिलं. मॅनेजरबाईंनी अहवाल वाचला. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला, पुन्हा वाचला. आम्ही दोघं समोर उभे. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, पण टेबलाखाली त्यांचा पाय हलत होता, ते मी बघितलं.

"म्हणजे एकदा ह्यांनी चहा पाजला," त्या म्हणाल्या, "आणि एकदा तुम्ही मालिश केलंत."

"हो मॅडम."

"चला."

त्या उठल्या, बाह्या वर सरकवल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि आत्याबाईंकडे निघाल्या. खाणीच्या चढावर स्वतः बसमध्ये बसून गेल्या. परत आल्यावर शेवटचा नमुना तिसऱ्यांदा काढला, तो त्यांनी. बाटली स्वतः हातात धरून माझ्या खोलीपर्यंत आणली, आम्हा नवरा-बायकोला लांब ठेवून. यंत्र चालू झालं. हे खिडकीबाहेर बघत होते. मी वाचायला लागले. पाणी नाही. लोखंड ठीक. तांबं खाली. सिलिकॉन नावापुरतं. दाटपणा टिकलेला. तेल अजून कितीतरी चालेल.

शेवटची ओळ मी मुद्दाम दोनदा वाचली.

मॅडम म्हणाल्या, "उद्या बैठकीत मांडते." मग दारात थांबल्या. "ड्रायव्हरसाहेब, मार्ग सुरू झाला तर तुमच्याच नावावर देईन. निवृत्तीपर्यंत. पण पहिल्या दिवशी स्टीअरिंगवर तुम्ही नसाल. नमुना बदललात, त्याची ही शिक्षा."

ह्यांनी मान डोलावली. मला माहीत होतं ते किती लागलं असेल. पहिला दिवस. त्या पहिल्या दिवसासाठीच तर सगळा खटाटोप.

मार्ग मंजूर झाला. ताईला फोन केला तर ती आधी म्हणाली खोटं बोलतेस, मग म्हणाली थांब, आणि फोन तसाच ठेवून शेजारपाजाऱ्यांना ओरडून सांगायला गेली. मी इकडे कानाला फोन लावून तिचा आवाज लांब लांब जाताना ऐकत बसले होते.

पहिल्या दिवशी आत्याबाई खच्चून भरल्या. स्टीअरिंगवर दुसरा ड्रायव्हर होता, ज्याला सगळे हवालदार म्हणतात, इतका नियमाने वागणारा. आम्ही दोघं मधल्या बाकावर. मी ह्यांना खिडकी दिली, म्हटलं, शिक्षा झालेल्या माणसाचं तेवढं तरी करावं. सुरुवातीला हे मांडीवर मुठी आवळून बसले. चढ लागला तसा ह्यांचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर दाबायला लागला.

"अहो, तिथे काही नाहीये," मी म्हटलं.

"वळणाच्या आधीच अॅक्सिलरेटर सोडायला हवा होता त्याने."

"सोडला की."

"उशिरा सोडला."

मग मोठी चढण आली, जिथे पूर्वी गिअरबॉक्स हमखास हिसके द्यायचा. ह्यांनी डोळे मिटले. आत्याबाई कुरकुरल्या, पण गिअर कधी बदलला ते कळलंसुद्धा नाही. ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात इतका आनंद होता की मला लाजल्यासारखं झालं. चारचौघात हात धरणारा माणूस नव्हे हा. पण धरला.

त्यानंतर हे एकदम गप्प झाले. मला वाटलं, राग आला असेल, स्टीअरिंग दुसऱ्याच्या हातात आहे म्हणून. मी वाकून बघितलं. हे खिडकीला नाक लावून बसले होते. बाहेर दरी उघडली होती. खाली नदीचं वळण, तिच्या काठाने हिरवे तुकडे, पलीकडे एकामागून एक डोंगर, शेवटचे तर आभाळातच विरघळलेले.

"हे कधीपासून आहे इथे?" हे हळूच म्हणाले.

"काय?"

"हे सगळं."

अर्धं आयुष्य हा माणूस ह्या रस्त्यावर गाडी घेऊन वर-खाली करत होता. शनिवारी मला वर नेत होता, सोमवारी खाली आणत होता. मी मागच्या बाकावरून हेच बघत यायचे. घरी कधी दरीबद्दल बोलले की हे हो हो म्हणायचे.

"तुम्ही बघितलंच नाहीत कधी?"

"मला एवढंच माहीत होतं," हे म्हणाले, "की त्या बाजूला जायचं नाही."

बस वळत गेली, दरी एकदा ह्या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि हे लहान मुलासारखे प्रत्येक वेळी मान लांब करून तिला शोधायचे. मागे कोणीतरी गाणं म्हणायला लागलं. वरचं गाव दिसू लागलं, थांब्यावर माणसांची ही गर्दी, आणि गर्दीत सगळ्यात पुढे हात हलवणारी ताई. मी उठून पिशव्या काढायला लागले. हे जागचे हलले नाहीत.

"येतानाही खिडकी मलाच दे हां," हे म्हणाले. "उद्यापासून मला पुन्हा समोर बघायचंय."